बुटक्यांना लढायला शिकवताना

मी काय करते असं कुणी विचारलं, की माझा नवरा घाईघाईने "मूर्तिकाम" असं सांगून मोकळा होतो. ते अगदीच खोटं नाही. सासऱ्यांचा शाहूपुरीत गणपतीचा कारखाना होता आणि मी स्वतः शिल्पकला शिकलेली आहे. पण मूर्तिकाम म्हटलं की लोक माझ्याकडे गौरीचे मुखवटे मागायला येतात. म्हणून मी सरळ सांगते, मी बुटके करते. लढणारे. अंगठ्याएवढे. त्यानंतर जे प्रश्न येतात त्यांचा मला इतका वीट आलाय, की या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकू. म्हणजे पुढच्या लग्नात कुणी विचारलं तर अंकच हातात देता येईल.

तर पहिली गोष्ट, ही लहान मुलांची खेळणी नाहीत. चांगली कमावती, टक्कल पडलेली माणसं मोठ्या टेबलावर डोंगर, पूल, पडके बुरूज मांडतात आणि त्यावर दोन सैन्यांची लढाई खेळतात. नियमांची जाडजूड पुस्तकं असतात. सैनिक बिनरंगी मिळतात. ते घरी आणून, भिंग लावून, तीन केसांच्या कुंचल्याने रंगवण्यात या लोकांचे रविवार जातात. सैन्यात परीकथेतल्या जाती असतात: लांब कानांचे धनुर्धारी, राक्षस, चालते सांगाडे आणि बुटके. बुटके म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारी, खाणी खणणारी, लोखंड घडवणारी, दाढीवाली, हट्टी आणि भांडखोर जात. ही कल्पना परदेशातून आलेली आहे, पण मला ती कधी परकी वाटली नाही. लोखंडात काम करणारी हट्टी आणि भांडखोर माणसं कोल्हापुरात शोधायला जावं लागत नाही.

काम असं चालतं. आधी बारीक तारेचा सांगाडा वाकवून घ्यायचा. त्यावर दोन पदार्थ मळून केलेली पुटी चढवायची. ती घट्ट व्हायच्या आत कोरायचं. माझी निम्मी हत्यारं दातांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली आहेत. असा एक मूळ नग तयार झाला की त्याचा रबरी साचा करतात आणि त्यात कथिल ओतून हवे तितके सैनिक काढतात. नग माझा, साचा आणि ओतकाम कंपनीचं. हल्ली हे सगळं संगणकावर होतं, असं मला प्रत्येक जण सांगतो. मला माहीत आहे. मी हातानेच करते.

त्याआधी मी मावळे करायची. दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात, त्यावर ठेवायचे. एका व्यापाऱ्यासाठी मी मूळ नग करून द्यायची आणि त्याच्याशी भांडायची. साच्यातून नग सहज सुटावा म्हणून त्याला मावळ्याची तलवार मांडीला चिकटलेली हवी असायची. मी म्हणायची, हा तलवार उपसणार कशी? तो म्हणायचा, बाई, त्याला कुठं उपसायची आहे, त्याला शेणाच्या तटावर उभं राहायचंय. तरी मी हट्टाने थोडे मावळे मोकळ्या हाताचे केले. ते कुठल्याशा प्रदर्शनात पुण्याच्या एका कंपनीतल्या मुलाने पाहिले आणि मला फोन केला. त्याचं नाव श्रेयस. मुलगा म्हणजे तिशीचा. पहिल्या फोनला मी "मॅम" होते, दुसऱ्याला "काकू" झाले. काकू झाल्यावर कामाची दुरुस्ती सांगायला तो अजिबात संकोचेना.

त्याला बुटक्यांचं एक पथक हवं होतं. मी पहिला घाणा करून त्याचे फोटो पाठवले आणि दोघांचाही विरस झाला. मी काय केलं होतं, तर नेहमीचा सैनिक घेतला आणि वरून दाबला. डोकं मोठं, पाय आखूड, खाली घेर, पुढे दाढी. माझ्या नवऱ्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, ही शाळेच्या गॅदरिंगमधली पोरं वाटतात. आता पडद्यामागून बाई येतील आणि दाढी सरळ करून देतील. मला राग आला, कारण ते खरं होतं.

श्रेयसला मात्र वेगळंच खटकलं होतं. त्याला ते आणखी खतरनाक हवे होते. मी भुवया खाली ओढल्या, तोंड उघडलं, दात दाखवले. तेव्हा तो म्हणाला, फारच खतरनाक झाले काकू, थोडे लव्हेबल करा. मग कुऱ्हाड मोठी करा. मग अजून मोठी. शेवटी कुऱ्हाड एवढी झाली की बुटका तिच्यामागे लपलाय असं वाटायला लागलं. मी त्याला फोनवर सांगितलं, घरातला भरलेला सिलिंडर एका हाताने डोक्यावर धर आणि मला फोटो पाठव. त्याने हसरं तोंड पाठवलं. ती हसरी तोंडं मी अजून विसरलेले नाही. कोणत्याही अडचणीवर तेवढंच उत्तर यायचं.

आता धंद्यातली मुख्य गोष्ट सांगते. कुठलाही पुतळा लढवय्या वाटतो तो हत्यारामुळे किंवा चिलखतामुळे नाही. वजनामुळे वाटतो. त्याचं वजन कुठल्या पायावर आहे आणि पुढच्या क्षणी ते कुठे जाणार आहे, हे बघणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे. ते नसेल तर माणसाला कितीही लोखंड चढवा, तो कपड्यांच्या दुकानातला पुतळाच राहतो. हे मला माहीत होतं. पण आखूड पायांच्या देहात ते आणायचं कसं, हे येत नव्हतं.

म्हणून मी घरामागच्या तालमीत गेले. बायकांना आखाड्यात घेत नाहीत. वस्तादांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी बाहेरच्या खिडकीशी खुर्ची टाकून दिली. तिथे बसून मी कागदावर पैलवान उतरवले. जो भिडायच्या तयारीत असतो तो छाती काढून उभा राहत नाही, हे तिथे कळलं. गुडघे सैल, मान खांद्यांत गेलेली, हात रिकामे आणि उघडे. पुढचा घाणा त्यामुळे पुष्कळ सुधारला. श्रेयस खूश झाला, त्याने वरिष्ठांना दाखवला. मी मात्र चिडलेलीच होते. ते नग बुटके वाटत नव्हते. गच्चीवरून बघितलेले पैलवान वाटत होते.

याच सुमारास मी शिरोळजवळ माझ्या थोरल्या बहिणीकडे गेले होते. दाजींचा ट्रॅक्टर बंद पडला होता आणि मेकॅनिक यायचा होता. आला तो मोटरसायकलवरून, पाठीमागे बसून. उतरला आणि सरळ ट्रॅक्टरकडे गेला. उंची मागच्या चाकाच्या वरच्या कडेला जेमतेम पोचेल इतकी. बसवराज त्याचं नाव, चाळिशीचा असेल. सोबत एक लाकडी ठोकळा आणला होता. तो पायाने सरकवत तो ट्रॅक्टरभोवती फिरायला लागला.

मी बघत बसले. मला आपण बघतोय हेही कळत नव्हतं. मी सगळं चुकीचं केलं होतं. त्याचं धड दाजींच्या धडाएवढंच होतं, खांदे तर दाजींपेक्षा रुंद. आखूड होते ते हात आणि पाय. मी आपली सगळाच माणूस लहान करून ठेवत होते. आणि ट्रॅक्टरची एक खीळ गंजून बसली होती, ती काढायला त्याने घण उचलला, तेव्हा तो दुरून फिरवला नाही. आधी एक पाय ठोकळ्यावर ठेवला, खांदा जवळजवळ लोखंडाला लागेल इतका जवळ गेला आणि कमरेतून वळला. खीळ दुसऱ्या घावाला निघाली.

मग घण खाली ठेवून तो माझ्याकडे वळला.

"अक्का, बघून झालं का?"

शिरोळकडच्या कानडी वळणाने तो मला अक्का म्हणाला, पण आवाजात काही गोडवा नव्हता. बहीण ओशाळली. मला वाटलं, काहीतरी थाप मारावी. पण मला थापा मारता येत नाहीत, म्हणून मी त्याला सांगून टाकलं की मी असे असे लढणारे बुटके करते, ते मला जमत नाहीत, आणि तुम्ही घण मारलात ते मी बघत होते. हे बोलताना "बुटके" हा शब्द तोंडातून गेल्यावर माझी जीभ अडखळली. तो म्हणाला की बुटका म्हणायला हरकत नाही, आहेच मी बुटका, फक्त "ए बुटक्या" म्हणून हाक मारायची नाही. त्याला नाव आहे.

मग म्हणाला, दाखवा.

मी फोनवर पैलवानांवरून केलेले नग दाखवले. त्याने काळे हात चड्डीला पुसले, फोन घेतला आणि चित्रं मोठी करकरून बघितली. मला वाटलं हसेल, किंवा भडकेल. त्याने एका नगावर बोट ठेवलं.

"ह्यो लढनार न्हाय, अक्का. ह्यो वर बघतोय."

मला समजेना. त्याने समजावलं. माझ्या प्रत्येक बुटक्याची मान वर होती. शत्रू उंच, म्हणून हा मान वर करून बघणार, असा माझा हिशेब. बसवराज म्हणाला की तो जन्मात कुणाकडे असं बघत नाही. दिवसभर माणसं उंचच भेटणार, मान वर करत बसलं तर संध्याकाळी मानेला मालिश करावं लागेल. तो समोर बघतो. समोर माणसाचं पोट असतं. ज्याला बोलायचंय तो वाकतो. आणि लढायचंच झालं, तर समोरच्याचं तोंड बघून काय करायचंय? त्याचे गुडघे आणि कंबर समोर आहेत की.

दुसऱ्या नगाची कुऱ्हाड बघून तो पहिल्यांदा हसला. एवढा दांडा खाली फिरवला तर आधी जमिनीत अडकेल, म्हणाला. त्याच्या स्वतःच्या घणाचा दांडा त्याने कापून घेतलेला होता. पान्यांना जोड लावलेले होते. पायतान शिरोळच्या चांभाराकडून मापाने करून घेतलेलं. हत्यार दुसऱ्याच्या मापाचं असलं की ते आपल्यालाच मारतं, असं काहीसं तो म्हणाला, आणि मला माझे सगळे नग वितळवावेसे वाटले.

घरी येऊन मी अक्षरशः तेच केलं. म्हणजे पुटी वितळत नाही, फोडून टाकली. नवीन बुटक्यांची धडं पूर्ण माणसाची केली, हात-पाय आखूड. दांडे कापले. कुऱ्हाडीचं पातं लहान केलं पण मागे जड ठेवलं. प्रत्येक जण पुढे, शत्रूच्या आत घुसताना दाखवला, कारण आखूड हाताच्या माणसाला लांबून लढताच येत नाही. आणि सगळ्यांच्या माना सरळ केल्या. तेवढ्या एका बदलाने काय झालं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. ते एकदम कुणाचेच लहान राहिले नाहीत.

त्यानंतर बसवराजने माझा जीव खाल्ला. सुटे भाग घ्यायला तो कोल्हापूरला यायचा आणि प्रत्येक खेपेला माझ्याकडे डोकवायचा. एकच अट त्याने घातली होती, की त्याचं तोंड कुठल्या नगाला द्यायचं नाही. ती मी पाळली. बाकी मात्र त्याला सगळ्यात मत होतं आणि सगळं बरोबर नव्हतं. दाढ्या काढा, वेल्डिंगला दाढी जळते, हे त्याने धरूनच ठेवलं. मी सांगायची, अहो, हे वेल्डिंग करत नाहीत, आणि दाढीशिवाय हा माल कोण घेईल? तो म्हणायचा, मग लोखंड घडवतात ते काय फुंकून? शेवटी मी दाढ्यांच्या वेण्या घातल्या आणि टोकं पट्ट्यात खोचली. त्यावरही तो म्हणाला, बघा, पुढच्याने धरली की संपला. एकदा मी दोन तास खपून चिलखताच्या पट्ट्यांना बकलं केली, तर म्हणाला, पाठीवरच्या बकलाला ह्याचा हात पोचणार न्हाय, कोन लावून देनार, तुम्ही? पुन्हा सगळी बकलं काखेखाली घेतली. माझ्या नवऱ्याला या भांडणांची इतकी करमणूक वाटायची की बसवराज आला की तो चहा टाकून बाजूला स्टूल घेऊन बसायचा.

पथक तयार झालं. कंपनीत आवडलं. श्रेयसने फोनवर पहिल्यांदाच दुरुस्ती सांगितली नाही. मी म्हटलं, चला, सुटले. आणि तिथेच त्याने नवीन काम सांगितलं.

राक्षसांच्या सैन्यासाठी एक मोठा नग हवा होता. राक्षस उभा, एक हात मागे ताणलेला, आणि त्या हातात मानगुटीला धरलेला बुटका, फेकायच्या बेतात. बुटक्याचे पाय हवेत, तोंड वासलेलं. थोडा विनोदी. या खेळांत हा विनोद जुना आहे म्हणे, लोकांना मजा वाटते. मला ते फारसं रुचलं नाही, पण मी तेव्हा फार विचारही केला नाही. तांत्रिकदृष्ट्या अवघड काम होतं, मागे ताणलेल्या हाताचा तोल साधायचा होता, आणि अवघड काम दिसलं की माझं डोकं तिकडेच जातं. मी राक्षस पूर्ण केला. बुटक्याचा नुसता तारेचा सांगाडा करून हातात अडकवला.

बसवराज आला तेव्हा राक्षस टेबलावर होता. नेहमीप्रमाणे तो ठोकळ्यावर चढला आणि त्याने भिंग ओढलं. मी वाट बघत होते, की आता राक्षसाच्या गुडघ्यात काहीतरी खोट काढेल. त्याने विचारलं, ह्यो काय करतोय? मी म्हटलं, फेकतोय. कुणाला, ते मी म्हटलं नाही. ते दिसत होतं.

तो ठोकळ्यावरून उतरला आणि नवऱ्याच्या स्टुलावर बसला. आमच्याकडे न बघता त्याने सांगितलं. पाहुण्यांतलं लग्न होतं, वरात निघाली होती, डीजे लावलेला. नवरदेवाच्या मित्रांनी त्याला उचललं. आधी खांद्यावर घेतलं, तेव्हा तोही हसला. मग एकाने वर उडवलं, दुसऱ्याने झेललं. मग पलीकडच्या टोळक्याकडे फेकलं. सगळे फोन काढून उभे. तो ओरडत होता, पण गाण्यात कुणाला ऐकू जात नव्हतं, आणि ज्यांना ऐकू गेलं त्यांना ते मजेचं ओरडणं वाटलं. शेवटी कुणीतरी झेलायला चुकलं. खुब्याचं हाड तेव्हाचं दुखावलेलं. म्हणून तो मोटरसायकल चालवत नाही, मागे बसून येतो. बायको त्या वरातीत होती. मुलगीही होती.

"पडल्याचं काय न्हाय," तो म्हणाला. "पोरगी बघत हुती."

चहा घेऊन उभा असलेला माझा नवरा आत गेला. मी राक्षसाच्या हातातून तार काढून घेतली. बसवराज म्हणाला, अक्का, तुमचं काम हाय, करा की, मी कोण सांगणार. हे तो टोमणा म्हणून बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

मी श्रेयसला फोन केला आणि हा नग होणार नाही म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं. मी बसवराजचं नाव न घेता जमेल तेवढं सांगितलं. तो म्हणाला की त्याला समजतंय, पण नगाचं चित्र आधीच जाहीर झालेलं आहे, आणि काकू, ते कथिलाचे आहेत. मी म्हटलं, इतके दिवस मी आणि तू काय करत होतो मग? ते कथिलाचे वाटू नयेत म्हणूनच आपण एकमेकांचं डोकं खात होतो ना? यावर त्याने बघतो म्हणून फोन ठेवला. आणि हसरं तोंड आलं नाही.

आठवड्याच्या शेवटी तो गाडी घेऊन कोल्हापूरला आला. समोरासमोर मला वळवता येईल असा त्याचा अंदाज होता. उंच, सडपातळ, नीट बोलणारा मुलगा. जेवणं झाल्यावर म्हणाला, ज्यांच्या सल्ल्याने तुम्ही हे पथक केलंत त्यांना तरी भेटवा, त्यांनी हरकत नाही म्हटलं तर? मी साफ नाही म्हटलं. बसवराजला यात ओढायचं नाही, त्याला काय वाटेल, वगैरे. श्रेयसला घरात बसवून मी मागच्या खोलीतून बसवराजला फोन केला, की असा असा माणूस आलाय, मी त्याला परस्पर वाटेला लावते, तुम्ही काळजी करू नका. मग तो माझ्यावरच चिडला. मला विचारल्याबिगर तुम्ही कोन न्हाय म्हननार, असं त्याने विचारलं. घेऊन या त्याला, म्हणाला, आज गॅरेजवरच आहे.

त्याचं गॅरेज म्हणजे शिरोळच्या रस्त्याकडेची पत्र्याची शेड. उसाच्या ट्रॉल्या दारात उभ्या. आत सगळं बसवराजच्या उंचीचं. फळ्या खाली, पान्यांचे खिळे खाली, गल्ल्याचं टेबल खाली. श्रेयस तुळईला डोकं आपटून घेतच आत शिरला आणि बसायला काय तर ठोकळा. त्यावर बसल्यावर त्याचे गुडघे हनुवटीपाशी आले. बसवराजने त्याला चहा मागवला आणि हातातलं काम न थांबवता प्रश्न विचारायला सुरुवात केली. राक्षस बुटक्याला फेकतो ते कुठे? शत्रूच्या फौजेत, श्रेयस म्हणाला. मग तो तिथे पडल्यावर लढतो का? नाही, खेळाच्या नियमात तो तिथेच संपतो. दगडासारखा वापरलेला असतो.

"आनि ह्यात हसायचं कवा?"

श्रेयसने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. परदेशातली परंपरा, गिऱ्हाइकांची आवड, असं काही बोलायला लागला आणि मध्येच थांबला. मग बसवराजने त्याला वरात सांगितली. आमच्याकडे सांगितली त्याहून थोडक्यात, नट पिळता पिळता. मुलीचं सांगितलं नाही. श्रेयसचा चहा तसाच राहिला. उठताना त्याने हात पुढे केला, आणि तसं करताना तो वाकला. बसवराजने तेलकट हात तसाच त्याच्या हातात दिला.

परतताना गाडीत श्रेयस म्हणाला की तो वर बोलेल. मला वाटतं तो बोलला असेल. पण वरचे लोक वरच असतात. महिन्याभराने त्याचा निरोप आला, की नग संगणकावर दुसऱ्या कुणाकडून करून घेण्याचं ठरलंय, आणि मला माफ करा. तो नग बाजारात आला. मी पाहिलाय. राक्षसाचा तोल चुकलेला आहे, मागे ताणलेला हात खांद्यातून नव्हे तर कोपरातून निघाल्यासारखा वाटतो, आणि लोकांना तो अतिशय आवडला. आमच्या पथकापेक्षा तोच जास्त खपला, असं श्रेयसनेच मला सांगितलं, न विचारता. या मुलाला काय सांगावं आणि काय सांगू नये हे शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर त्याने ती कंपनी सोडली. मी त्याच्या आधीच सोडली होती. खोक्यावर शिल्पकार म्हणून माझं नाव छापलं होतं, त्यात आडनाव चुकलेलं होतं.

आता मी थोडंच काम करते, सांगलीच्या एका हौशी मंडळासाठी आणि नागपूरच्या एका दुकानासाठी. अजून लोक विचारतात, की तुमचे बुटके खरे कशामुळे वाटतात. मी वजनाचं सांगते, दांड्याचं सांगते, मानेचं सांगते. ऐकणारा मान हलवतो आणि विचारतो, कुऱ्हाड थोडी मोठी करता येईल का?

पथक आलं तेव्हा त्यातला एक संच मी बसवराजला दिला होता. रंगवू का विचारलं, तर नको म्हणाला, लोखंडाच्या रंगाचेच बरे. गल्ल्याच्या टेबलावर, बोल्टच्या डब्यांच्या पुढे त्याने ते रांगेत मांडलेत. मागच्या हंगामात मी बहिणीकडे जाताना गॅरेजवर थांबले होते. एक ट्रॉलीवाला टायरची वाट बघत उभा होता, दणकट गडी, वेळ जाईना म्हणून इकडंतिकडं बघत होता. त्याने रांगेतला पुढचा बुटका दोन बोटांत धरून उचलला, डोळ्यांसमोर नेला, उलटा केला आणि विचारलं, हे काय वो शेठ, खेळणं?

बसवराज ट्रॉलीखाली होता. त्याने मान बाहेर काढली.

"खाली ठेव," तो म्हणाला. "त्याला उचललेलं चालत न्हाय."

ट्रॉलीवाला हसायच्या बेतात होता. मग त्याने बसवराजकडे नीट बघितलं, आणि बुटका होता तिथे, होता त्याच दिशेला तोंड करून, ठेवून दिला.